रात्री दोन वाजता कोण जागं असतं? घरची मावशी, शुश्रूषा केंद्र आणि वृद्धाश्रम

अंथरूण धरलेल्या आईवडिलांना घरी मावशी, म्हणजे पगारी सेविका, ठेवून सांभाळायचं, शुश्रूषा केंद्रात ठेवायचं की वृद्धाश्रमात? कोकणातल्या बऱ्याच घरांत हा निर्णय फोनवरच होतो. आईवडील गावाला, मुलं मुंबई-पुण्याला. आमचंही तसंच झालं. अप्पांना पक्षाघात झाला तेव्हा ते गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत होते, मी डोंबिवलीत, भाऊ पुण्यात. पुढच्या दीड वर्षात आम्ही तिन्ही वाटांची चौकशी केली आणि दोन वापरूनही पाहिल्या. खोली हवेशीर आहे का, जेवण कसं, समोर बाग आहे का, हे सगळं आधी बघितलं. माणसं किती, कोण आणि रात्री कोण, हे मात्र शेवटी विचारलं. तो क्रम चुकला. तुमचा चुकू नये म्हणून लिहिते आहे.

वृद्धाश्रमाचं थोडक्यात सांगते. बहुतेक वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. तिथे व्यवस्थापक, स्वयंपाकी, झाडलोट करणारी माणसं असतात, डॉक्टर ठरल्या दिवशी येऊन जातात. चालत्याफिरत्या, पण एकटं पडलेल्या माणसासाठी ही चांगली सोय आहे. तुमचा माणूस अंथरुणावर असेल तर ही वाट सोडा. आज चालता असेल तर एवढं लेखी घ्या, की उद्या तो झोपून राहिला तर ठेवणार की चार दिवसांत घेऊन जा म्हणणार.

खरी निवड घर आणि केंद्र यांतली, आणि तिथे कागद-पेन घेऊन बसावं लागतं. आठवड्याचे तास 168. एक माणूस रोज आठ तास, सहा दिवस, म्हणजे 48 तास काम करतो. कॉटजवळ चोवीस तास एक माणूस हवा असेल तर साडेतीन माणसं लागतात. रजा आणि आजारपणं धरली की चार. घरी बारा-बारा तासांची ड्युटी लावली तरी दिवसाची एक, रात्रीची एक आणि सुट्टीच्या दिवसाची बदली, अशा तिघी लागतातच. आम्ही ब्युरोकडून, म्हणजे सेवेसाठी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून, ‘चोवीस तासांची बाई’ घेतली होती. मावशी मायेच्या होत्या, पण त्यांनाही झोप लागणारच. झोपून असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड आणि टाचा जखमी होतात. रात्री दहा ते सकाळी सहा म्हणजे चार वेळा उठणं, आणि दिवसभराचं काम वेगळं. महिन्याभरात त्या चारपैकी दोन वेळा आईच उठायला लागली. आई बहात्तर वर्षांची. हे मी ठासून सांगते: घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ड्युटीच्या हिशोबात धरू नका. एकाला सांभाळताना दुसरंही अंथरूण धरतं.

तरीही घराची बाजू हलकी नाही. घरी एका पेशंटमागे पूर्ण एक माणूस असतो, तेवढं कुठलंच केंद्र देत नाही. सकाळची पेज त्यांच्या चवीची, खिडकीतून दिसणारा माड ओळखीचा. अप्पांची जीभ जड झाली होती, पण आमच्या शेजारच्या काकांशी ते खुणांनी बोलत. केंद्रात हे बोलणं बंद झालं, ते मला अजून लागतं.

घरची व्यवस्था मोडते ती आपल्या भागाच्या वेळापत्रकामुळे. पुढे ठेवलेल्या रात्रीच्या मावशी शेजारच्या गावाहून वस्तीच्या एसटीने यायच्या. गाडी चुकली की ड्युटी चुकली. आषाढात लावणी आली की गावातली मदतीची बाई शेतात, आणि तिचंही बरोबरच आहे. गणपतीत आणि शिमग्यात तर ब्युरो फोनसुद्धा उचलत नाही. त्यात वीज. जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती हवेची गादी पंपावर चालते आणि पंप विजेवर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. वीज गेली की गादीचं काम हातांनी करायचं, आणि त्या वेळी दुसरे दोन हात घरात हवेत.

मग केंद्र. पहिल्या केंद्राच्या पाटीवर ‘24 तास नर्सिंग’ लिहिलेलं होतं. दुपारी गेलो तेव्हा दोन सिस्टर, तीन मावशी, एक ब्रदर म्हणजे पुरुष सेवक, सगळं हलतं-बोलतं. अप्पांना तिथे ठेवल्यावर एकदा गाडी उशिरा पोचली म्हणून मी रात्री साडेअकराला गेले. चौदा पेशंट आणि एक मावशी. सिस्टर ‘फोनवर’. चौदा जणांची कूस रात्रीतून चार वेळा म्हणजे छप्पन्न वेळा, आणि अप्पांसारख्या जड माणसाला वळवायला दोघं लागतात. त्या मावशींना मी काय बोलणार? त्या एकट्या धावत होत्या. अप्पांची उजवी टाच तोवर काळसर लाल झाली होती. आठ दिवसांत आम्ही त्यांना हलवलं.

माणसं किती असावीत, याला एक अंदाज हवा म्हणून जपानचा नियम सांगते. तिथल्या शुश्रूषागृहांत दर तीन रहिवाशांमागे शुश्रूषा आणि सेवा मिळून किमान एक पूर्णवेळ माणूस लागतो. तीस जणांमागे दहा. ऐकायला भरपूर वाटतं, पण ही संख्या सगळ्या पाळ्यांची मिळून आहे. तिथला कामाचा आठवडा चाळीस तासांचा; दहा जणांचे आठवड्याचे 400 तास 168 तासांवर पसरले, तर कुठल्याही क्षणी सरासरी दोन-अडीच माणसंच हजर असतात. म्हणून ‘आमच्याकडे बारा जणांचा स्टाफ आहे’ हे वाक्य ऐकून थांबू नका. पाळीनुसार विचारा.

‘सिस्टर’ म्हणजे नक्की कोण, हेही विचारा. नर्सिंगमधला एएनएम हा दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या सिस्टरला राग येत नाही. मावशी आणि ब्रदर यांचं काम अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं; ते कमी दर्जाचं मुळीच नाही. पण इंजेक्शन देणं, नाकातली नळी घालणं, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बदलणं हे शिकलेल्या नर्सचं काम. केंद्र उपचार आणि शुश्रूषा दोन्ही देत असल्याचं सांगत असेल, तर 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं प्रमाणपत्र दाखवा म्हणा.

माझं मत स्पष्ट आहे. नाकातून नळीने भरवणं, वारंवार कफ काढणं, फिट्स किंवा उघडी जखम यांतलं काही असेल, तर ज्या केंद्रात रात्री नोंदणीकृत नर्स प्रत्यक्ष हजर असते तेच निवडा, मग ते आणखी दीड तास लांब असलं तरी. पेशंट तोंडाने जेवतो, तब्येत स्थिर आहे, घर डांबरी रस्त्याजवळ आहे आणि तिसरी, बदलीची बाई खरोखर मिळते आहे, तर घरीच ठेवा. तिसरी मिळत नसेल तर घराचा हट्ट सोडा. आम्ही तो चार महिने उशिरा सोडला. चौकशी कुठून सुरू करावी कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांच्या 14567 या हेल्पलाइनवर फोन करा, तो निःशुल्क आहे.

अप्पा आता दुसऱ्या केंद्रात आहेत. दहा पेशंट, रात्री दोघी, त्यातली एक जीएनएम. ड्युटीचा चार्ट भिंतीवर नावांसकट लावलेला असतो. यंदाचा गणपतीतला चार्ट आम्ही आषाढातच मागून घेतला. दाभोळकडच्या एका मुस्लिम ताईंनी त्या पाचही रात्री स्वतःहून घेतल्या आहेत. ईदला त्यांच्या रात्री बाकीच्या वाटून घेतात. अप्पांची टाच भरून आली आहे.