हँडल कव्हर: एक हिवाळा आणि चार हजार किलोमीटर

आधी कबुली देतो. नोव्हेंबरात बायकोनं ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या (बाजारचौकातल्या) फूटपाथवरून २८० रुपयांची हँडल कव्हरं, म्हणजे मोटारसायकलच्या हँडलवर चढवून हात आत घालायच्या पिशव्या, आणली, तेव्हा मी ती दोन आठवडे पलंगाखालून बाहेर काढली नाहीत. काळं रेक्झिन, आत पिवळट फर आणि हत्तीच्या कानासारखा आकार. अशी कव्हरं दूधवाल्यांच्या गाड्यांना असतात, आपल्या नाही, असा माझा थाट. तो थाट डिसेंबरच्या पहिल्या कोहऱ्यात (दाट धुक्यात) गळून पडला. आता मार्च लागलाय, कव्हरं उतरवलीत, म्हणून सवडीनं लिहितोय.

माझी गाडी साधी १२५ सीसीची. घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिन्सी नाल्याजवळ, आणि नोकरी शहराबाहेर मालनपूरच्या कारखान्यात. जाऊन येऊन साधारण ५० किलोमीटर. पहिली पाळी सात वाजता, म्हणजे सहाला निघायचं. जानेवारीत तेव्हा उजाडलेलंही नसतं. पडाव, गोला का मंदिर इथपर्यंत घरांचा आडोसा असतो, थंडी सोसते. महाराजपुऱ्याचा विमानतळ मागे पडला की भिंड रोडवर दोन्हीकडे सरसोंची ओली शेतं लागतात. तिथे जे वारं अंगावर येतं, त्याला थंडी हा शब्द अपुरा आहे. ग्वाल्हेरला जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येणं नवलाचं नाही. गारव्याची जाणीव मोजण्याचं हवामानवाल्यांचं एक सूत्र आहे. त्यात ५ अंश आणि ताशी ६० किलोमीटरचं वारं घातलं की उत्तर शून्याखाली दोनच्या आसपास येतं. ते गणित उघड्या चेहऱ्यासाठी केलेलं आहे, पण हँडलवरची बोटं चेहऱ्याहून पुढे असतात आणि हेल्मेट त्यांना नसतं.

यात दोष बोटांचाही नाही. शरीराला थंडी लागली की ते आधी छाती-पोट सांभाळतं आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बोटांत स्वतःचे स्नायू जवळजवळ नाहीतच, ती हलवणारे स्नायू कोपराखाली असतात. म्हणजे बोटांना स्वतःची ऊब तयार करता येत नाही, वरून रक्त येईल तेवढीच. त्यात मोटारसायकलवर उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर अडकलेला. डावा निदान सिग्नलला इंजिनाजवळ नेता येतो. शिवाय ब्रेकवर ठेवलेली दोन बोटं धातूच्या लिव्हरला चिकटून असतात, आणि तो लिव्हर बोटातली ऊब ओढून घेतो. माझी तीच दोन आधी जातात, मग करंगळी. मुंग्या, मग ठणका, मग काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ सगळ्यात वाईट, कारण मग ब्रेक किती दाबला हे हाताला कळत नाही, नुसतं डोळ्यांना कळतं.

कव्हरांआधी तीन हिवाळे मी काय काय केलं, ते थोडक्यात. तिब्बती बाजारातले लोकरीचे दस्ताने (आमच्याकडे हातमोजे हा शब्द फक्त पाहुण्यांसमोर निघतो): चालताना झकास, गाडीवर चाळणी. त्यांच्या आत दवाखान्यातले रबरी मोजे: पहिली दहा मिनिटं वाटतं, युक्ती सापडली. मग घाम आतच साचतो आणि ओला हात कोरड्यापेक्षा जास्त गारठतो. खिशात ठेवायच्या त्या गरम होणाऱ्या जेलच्या पिशव्या: आतली चकती दाबली की सोडियम अ‍ॅसिटेट गोठतं आणि पन्नासेक अंशांपर्यंत तापतं. मौज वाटते. पण पिशवी खिशात आणि हात हँडलवर, उपयोग काय? शिवाय रोज संध्याकाळी त्या पाण्यात उकळायच्या. आईनं विचारलं, हे कुठलं कालवण?

चामड्याच्या रायडिंग ग्लव्हजवर मात्र २६०० रुपये घातले आणि ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. पडल्यावर तळहात आणि सांधे वाचवायला तेच हवेत. चूक माझी होती: घट्ट बसणारे घेतले. दुकानात घट्ट म्हणजे रुबाबदार वाटतं. पण ऊब धरते ती आतली अडकलेली हवा, आणि घट्ट मोज्यात हवेलाही जागा नाही आणि रक्तालाही नाही. वीस मिनिटं ठीक, गोला का मंदिरनंतर रामराम.

गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात गरम होणाऱ्या ग्रिप, म्हणजे विजेवर तापणाऱ्या हँडलच्या मुठी, बसवल्या. ही गोष्ट जरा लांबवतो, कारण विचारणारे खूप आहेत. १९०० रुपयांच्या ग्रिप, ४०० मजुरी. तळहात खरंच तापतो, पहिल्या दिवशी मी हसत कारखान्यात पोचलो. पण वारं लागतं हाताच्या पाठीला, आणि पाठ तशीच गार. खालून भाजतंय, वरून गारठतंय, भाकरी एकाच बाजूनं शेकल्यासारखं. दुसरं म्हणजे वीज. ग्रिप पूर्ण जोरावर साधारण ३ अ‍ॅम्पिअर ओढत होत्या, म्हणजे १२ व्होल्टवर ३६ वॅट. छोट्या गाडीची ४ अ‍ॅम्पिअर-तासांची बॅटरी त्या बंद इंजिनावर कागदोपत्रीसुद्धा दीड तास पुरवत नाही. बसवणाऱ्यानं वायर थेट बॅटरीला जोडली होती, चावीशी संबंधच नाही. एका सकाळी मी बटण बंद करायला विसरलो आणि पाळी सुटल्यावर दोन सहकारी माझी गाडी ढकलत होते. बसवायच्या असतील तर रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून चावीवरच चालतील अशा बसवा, आणि बाहेर वाऱ्याला काही आडोसाही हवाच.

म्हणजे सगळं फिरून येतं वाऱ्यावरच. वारं अडवलं की निम्मं काम झालं, आणि कव्हर एवढंच करतं. ते तापवत काही नाही. हाताभोवती एक छोटी खोली उभी करतं. आतली सगळी बोटं एकाच हवेत असतात, त्यामुळे एकमेकांना ऊब देतात. लहान मुलांच्या बिनबोटांच्या मोज्यांत असतं तसंच.

पहिल्या दिवशी भिंड रोडवर मी चक्क पातळ सुती मोजे घालून गेलो आणि मालनपूरच्या चहावाल्याकडे सुट्टे पैसे बोटांनी मोजून दिले. ज्यांनी जानेवारीत चाळीस-पन्नास मिनिटं गाडी चालवून पैसे मोजलेत, त्यांना यातलं सुख कळेल.

आता तक्रारी. चौथ्या दिवशी मागून येणारा एक सहकारी म्हणाला, “भाऊ, तुझा ब्रेक लाइट सारखा लागलेला असतो.” मला वाटलं स्विच गेला. मग लक्षात आलं, ताशी पन्नासच्या वर वाऱ्यानं कव्हराचं नाक (पुढचं टोक) मागे दबतं आणि ब्रेकचा लिव्हर ढकलतं. थोडंसंच, पण दिवा लागायला आणि पुढचा ब्रेक घासायला तेवढं पुरे. उपाय सांगितला एका दूधवाल्यानं, जो मुरारकडून रोज चार कॅन घेऊन येतो आणि ज्याच्या कव्हरांना मी नावं ठेवत असे. नाकाच्या आत जाड तारेची कमान घालायची, म्हणजे कापड लिव्हरपासून दोन-तीन बोटं लांब राहतं. मी जुन्या हँगरची तार वापरली, टोकं वळवून इन्सुलेशन टेपनं गुंडाळली. तेव्हापासून त्रास नाही. त्यानंच सांगितलं की अ‍ॅक्सिलरेटरच्या बाजूची दोरी आवळून बांधू नका, मूठ सोडल्यावर ती आपोआप मागे फिरली पाहिजे. उभ्या गाडीवर, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून हे तपासा. ही एक गोष्ट तपासायची नसेल तर कव्हर घेऊच नका.

दुसरं, स्विच दिसत नाहीत. हॉर्न आणि इंडिकेटर आंधळेपणानं शोधावे लागतात. मला आठवडा लागला. त्या आठवड्यात हजिऱ्याच्या चौकात मी डावीकडे वळताना हॉर्न वाजवला आणि गायीला वाट द्यायच्या जागी इंडिकेटर दिला. तिसरं, हात चटकन बाहेर निघत नाही. म्हणून गल्लीबोळात, दौलतगंजच्या गर्दीत, मी हात बाहेर काढूनच चालवतो. पाऊल टेकवायची वेळ आली आणि हात पिशवीत असले तर काय होईल, याचा विचार मनातून जात नाही. चौथं, जानेवारीच्या मावठ्यात फर भिजली ती तीन दिवस वाळली नाही, आणि वासाचं विचारू नका.

कव्हरं लावून बाकीचं सोडलं, असंही झालं नाही. रक्त वरून येतं म्हटल्यावर वर लक्ष द्यायला हवंच. स्वेटर आणि जॅकेटच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची चार पानं, बाबांच्या सायकलच्या काळापासून चालत आलेला इलाज. आजही त्याला तोड नाही. मनगटावर जुन्या लोकरी पायमोज्याची कापलेली नळी, कारण तिथे शिरा कातडीलगत असतात आणि बाही व मोजा यांच्या फटीतून वारं नेमकं तिथेच घुसतं. लिव्हरवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवला, दहा रुपयेही लागले नाहीत. रबरामुळे बोटं थेट धातूला टेकत नाहीत.

दोन गोष्टी करू नका. कारखान्याच्या फाटकाशी पोरं हात गरम करायला बिडी पेटवतात. तंबाखूनं रक्तवाहिन्या आणखी आवळतात, बोटं उलट जास्त गारठतात. आणि बधिर हात सायलेन्सरवर किंवा शेकोटीवर धरू नका. मी दोन वर्षांपूर्वी धरला होता. मोज्याचं नायलॉन वितळून चिकटलं तेव्हा मला वासावरून कळलं, चटका संध्याकाळी जाणवला. बधिर बोटं काखेत धरा, हळूहळू येऊ द्या. आणि कुणाची बोटं थंडीत पांढरीफटक पडून मग निळसर-लाल होत असतील, दर वेळी, तर कव्हरांच्या आधी डॉक्टर गाठा.

बायकोनं तसलाच जोड स्वतःच्या स्कूटरला लावला आणि आठ दिवसांत काढून टाकला. तिची धाव पाटणकर बाजारापर्यंतची, दर पन्नास पावलांवर थांबायचं, सारखे हात आत-बाहेर. तिचं बरोबर आहे. ही वस्तू लांब, सरळ, वाऱ्याच्या रस्त्याची आहे, आणि ताशी सत्तरच्या वर जाणाऱ्यांची नाही.

शिवण एका बाजूला उसवली आहे, तेवढी मोच्याकडून घालून घ्यायची. कव्हरं निरम्यात धुऊन गच्चीवर वाळत घातलीत. परवा मेव्हण्याचा फोन आला, कुठून घेतली म्हणून. बाड्यावरचा तो माणूस थंडी संपली की दिसत नाही. आता त्याच जागी उसाचा रस मिळतो.