बँड-एडचे जुने डबे घेताय? आधी तळाचा पत्ता वाचा

बँड-एडचे जुने पत्र्याचे डबे मी गेली अकरा वर्षं जमवतोय. सुरुवात आईच्या डब्यापासून झाली. पट्ट्या संपल्यावर ती त्यात सुया, हुक आणि बटणं ठेवायची. हे सांगतोय, कारण ज्यानं मला फसवलं त्याला ही आठवण मीच ऐकवली होती.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी चोरबाजारात, मटण स्ट्रीटजवळ पथारी मांडून बसलेल्या माणसाकडून एक डबा घेतला. चारशे रुपये. डबा अस्सल होता, भावही रास्त. आज कळतं, तो चारा होता.

पंधरा दिवसांनी फोन आला. "साहेब, दादर पारशी कॉलनीत एक घर रिकामं होतंय. म्हातारीच्या कपाटात चार डबे निघालेत, स्वातंत्र्याच्या आधीचे. तुम्ही आईचं सांगितलंत ना, म्हणून पहिला फोन तुम्हाला." फोटो आले, सगळे फक्त समोरून काढलेले. चौदा हजारांत ठरलं. पाच हजार यूपीआयनं बयाणा, उरलेले दादर स्टेशनवर रोख. डबे वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळून वर दोरी बांधलेली. गाडी आली आणि मी न सोडता घेऊन निघालो.

घरी एका डब्याच्या तळाशी किंमत दिसली : ७५ पैसे. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे. तेव्हा पंचाहत्तर पैसे ही किंमत कुणी छापलीच नसती. तिथेच छापलेल्या कंपनीच्या पत्त्याशेवटी सहा आकडी पिनकोड होता. पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ला. म्हणजे डबा खरा धरला, तरी स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं उलटून गेल्यानंतरचा.

पण खराही नव्हता. जुन्या डब्यांवर छपाई थेट पत्र्यावर असते. इथे कडेला नख अडकलं आणि कागद उचलला गेला. वरून वार्निश मारलं होतं. भिंगाखाली अक्षरांच्या कडा ठिपक्याठिपक्यांच्या, प्रिंटरवर काढल्यासारख्या. गंज ओल्या कापसावर उतरला, खाली कोरा चकचकीत पत्रा. खरा गंज सांध्यातून आणि ओरखड्यातून पत्रा खात येतो, बोटाला खरखरीत लागतो.

त्याचा फोन बंद. ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर मी नवव्या दिवशी तक्रार केली. तिथे पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात, आणि मी आठवडाभर त्याच्या फोनची वाट पाहत बसलो. रोख दिलेल्या नऊ हजारांचा तर कागदच नाही. तेव्हा तळाचा, बिजागरीचा आणि झाकणाच्या आतला फोटो आल्याशिवाय बयाणा देऊ नका. डबा हातात घेऊन, उजेडात नख लावून पाहिल्याशिवाय उरलेले पैसेही देऊ नका.

परवा ठाण्यातल्या एका संग्राहकानं मला चार फोटो पाठवले, "घेऊ का?" म्हणून. दुसऱ्या डब्यावर मला आलेल्या फोटोतलाच तिरपा ओरखडा. या वेळी घर माटुंग्याचं आहे.