वडिलांच्या पिकअपचे इंजिन मी स्वतः नेऊन दिले

64,300 रुपये रोख आणि वडिलांनी हयातीत एकदाही न उघडलेले इंजिन, एवढे मी 2024 च्या पावसाळ्यात एका फिटरच्या स्वाधीन केले आणि त्याच्या बदल्यात चंदेरी रंग मारलेले भंगार घरी आणले. हे लिहिताना लाज वाटते, कारण इंजिन बदलून देणारे फिटर असतात हे मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. ठाऊक होते. पण तसे फक्त दुसऱ्यांच्या बाबतीत घडते, अशी माझी समजूत होती.

गाडी 2011 सालची टाटा 207 डीआय, केए-22 पासिंगची. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातली रताळी वडील तिच्यातून मार्केट यार्डात नेत. 2020 मध्ये ते गेले आणि गाडी गोठ्याशेजारी पडून राहिली. हंगामात भाड्याच्या टेम्पोला फेरीमागे 1,400 रुपये मोजून कंटाळलो, तेव्हा ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरवले. सोसायटीचे कर्ज 1,00,000 आणि बायकोच्या भिशीचे 50,000, एवढ्यातच सगळे बसवायचे होते. हौद्याचा पत्रा, टिंकरिंग व रंग यांना 31,000, पाटे, ब्रेक आणि चार रिमोल्ड टायर यांना 27,500, बॅटरीला 5,200 आणि विमा व तपासणीसाठी राखलेले 20,000 वजा केले, तर इंजिनासाठी जेमतेम 66,300 उरत होते. बेळगावात दोन ठिकाणी विचारले. एकाने 85,000 सांगितले, दुसऱ्याने 92,000. त्यामुळे मी स्वस्ताच्या मागे धावलो असे जे आता मला सुनावतात, त्यांनी ही बेरीज एकदा स्वतः करून पाहावी.

हा फिटर गावापासून 14 किलोमीटरवर, महाराष्ट्राच्या हद्दीत. डिझेल स्वस्त म्हणून पलीकडची माणसे तेव्हा आमच्याकडे टाकी भरायला येत आणि मजुरी स्वस्त म्हणून आम्ही गाड्या घेऊन पलीकडे जातो, यात नवल काही नाही. तो बायकोच्या माहेरचा, तिच्या मामेभावाच्या ओळखीचा, त्यामुळे पहिल्या भेटीपासून मला 'दाजी' म्हणू लागला. दाजी म्हणणाऱ्याकडे पक्के बिल मागायला जीभ रेटत नाही. ती रेटावी, एवढेच सांगतो.

त्याने 55,000 रुपयांत ब्लॉक-पिस्टनपासून सगळे करून देतो म्हणून सांगितले. 12 ऑगस्ट 2024 रोजी मी गाडी ओढत नेऊन दिली आणि 40,000 आगाऊ दिले. आठव्या दिवशी फोन आला, "दाजी, क्रँक गेलाय. ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग टाकावी लागतील, नाहीतर पुढच्या महिन्यात परत माझ्याकडेच याल." आणखी 15,000 दिले. क्रँक, म्हणजे पिस्टनने फिरणारा इंजिनाचा दांडा, कोणत्या लेथवर गेला, तिथले बिल कुठे आहे, हे मी विचारले नाही. बोअरिंग (सिलिंडर आतून घासून मोठा करणे) असो की ग्राइंडिंग, लेथवाल्याचे पैसे आपण स्वतः त्याच्या हातात द्यावेत आणि त्याचीच पावती घ्यावी. फिटरच्या तोंडी हिशेबावर सोडू नये. रोज जाऊन बसायला हवे होते, हेही खरे. पण भात आणि रताळी दोन्ही शेतात असताना दिवस मोडून पलीकडच्या गॅरेजात बसणे कोणाला परवडते?

एकदा गेलो, तेव्हा त्याने 'तुमचे जुने पिस्टन' म्हणून चार पिस्टन दाखवले. मी त्यांचा फोटो काढून पुण्यातल्या भावाला पाठवला, खर्च उगाच होत नाही हे त्याला कळावे म्हणून. त्या फोटोत पिस्टनच्या माथ्यावर '50' हा आकडा स्वच्छ दिसतो. म्हणजे ते अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइजचे, एकदा बोअर झालेल्या इंजिनाचे पिस्टन. वडिलांचे इंजिन तर कधी उघडलेलेच नव्हते! पुरावा माझ्या फोनमध्ये होता आणि मी तो कौतुकाने भावाला पाठवत होतो.

पण खरी चूक त्या दिवशीची नव्हे. ती 27 सप्टेंबरची, गाडी ताब्यात घेतली तेव्हाची. 2014 मध्ये चोर्ला घाटात दगड लागून आमच्या गाडीचा तेलाचा चेंबर फुटला होता आणि वडिलांनी जांबोटीत त्याला वेल्डिंग करून घेतले होते. वीतभर लांबीचा तो जाड, वेडावाकडा सांधा मी शेकडो वेळा पाहिला आहे. गाडीखाली गेलो की पहिली नजर तिथेच जाई. त्या संध्याकाळी गॅरेजात मी गाडीखाली वाकलो आणि सांधा नव्हता. मी तसे बोलूनही दाखवले. तो हसून म्हणाला, "चेंबर बदलला दाजी, त्याचे पैसे तुमच्याकडून घेत नाही." आणि मी, दोन शेतांची बेरीज-वजाबाकी तोंडी करणारा माणूस, खूश झालो. एक चेंबर फुकट मिळाला म्हणून! ब्लॉकवर सगळीकडे ताजा चंदेरी रंग होता, इंजिन नंबर कोरलेल्या जागीही तो जाडच होता. खिशातल्या रुमालाने तेवढी जागा घासली असती, तर सगळे तिथेच संपले असते. त्याऐवजी पंप-नोझलचे म्हणून राहिलेले 9,300 मोजून दिले आणि कोऱ्या कागदावर पेनाने लिहिलेला हिशेब घडी घालून खिशात टाकला. त्यावर ना दुकानाचे नाव, ना जीएसटी नंबर, ना इंजिनाचा नंबर.

18 नोव्हेंबरला गाडी एफसीसाठी, म्हणजे फिटनेस प्रमाणपत्राच्या तपासणीला नेली. इन्स्पेक्टरने नंबराची जागा खरवडली, आरसीशी ताडून पाहिली आणि कन्नडमध्ये शांतपणे विचारले, "हे इंजिन कोणाचे?" सगळ्या प्रकरणात आपले काम नीट करणारा हा एकटाच भेटला, आणि तो माझ्याकडेच संशयाने पाहत होता. त्याचेही बरोबर आहे, कारण चोरीच्या गाडीचे इंजिन असेच फिरत असते. इंजिन बदलायचे तर नोंदणी कार्यालयाची परवानगी लागते, इंजिन कुठून आले त्याची कागदपत्रे लागतात, आणि माझ्याकडे होता तो कोरा कागद. गाडी नापास झाली. बेळगावातल्या एका जुन्या मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिले, तर ते दोनदा बोअर झालेले, आता पुन्हा बोअर करण्याजोगेही नव्हते. आमचे मूळ मापाचे, शाबूत क्रँकचे इंजिन आज कोणाच्या तरी गाडीत उत्तम चालत असणार.

त्यानंतर तक्रारीची वारी सुरू झाली. आमच्या बाजूच्या ठाण्यात सांगितले की गुन्हा महाराष्ट्रात घडला, तिकडे जा. तिकडच्या ठाण्यात सांगितले की गाडी कर्नाटकची, तुम्ही कर्नाटकचे, आरसी कर्नाटकची, तिकडे जा. वर 'हा तर मजुरीचा वाद आहे, दिवाणी आहे' असा निवाडाही तिथेच मिळाला. पुन्हा अलीकडे आलो, तेव्हा तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. मला कन्नड बोलता येते, कायद्याच्या भाषेत लिहिता येत नाही. 300 रुपये देऊन ती लिहून घेतली. ती घेऊन गेलो त्या दिवशी साहेब बंदोबस्ताला होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद समोर ठेवून दाखवले, तर हवालदाराने तो कागद वाचला आणि चहाच्या ग्लासाखाली ठेवला. सीमाप्रश्न 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो सुटायचा तेव्हा सुटेल; पण माझे इंजिन कोणत्या राज्यात चोरीला गेले, हे ठरवायलाही तेवढीच वर्षे लागणार की काय? ठाण्यात गेलात तर अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. मी चार फेऱ्यांपैकी तीन वेळा रिकाम्या हाताने उठलो, आणि म्हणून कागदोपत्री मी एकदाच गेलो आहे.

फिटरचा फोन आधी व्यस्त लागे, आता लागतच नाही. मामेभाऊ म्हणतो, "मी फक्त ओळख करून दिली."

ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र उघडा आहे. 2019 च्या कायद्याने आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची असते. मालवाहू गाडी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही, असे मला एका वकिलाने सांगितले. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू धंद्यात मोडत नाही, हे दुसऱ्याने दाखवले. तक्रार दाखल केली आहे.

तिथे पहिलाच प्रश्न आला की 12 ऑगस्टला गाडीत मूळ इंजिनच होते, याला पुरावा काय. गाडी देण्याआधी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली असती आणि त्या ठशावर फिटरची सही घेतली असती, तर पाच रुपयांत उत्तर तयार होते. वडिलांनी 2019 च्या तपासणीच्या अर्जाला चासी आणि इंजिन दोन्ही नंबरांची पेन्सिल प्रिंट चिकटवली होती, तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून मी 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज केला आहे. उत्तर 30 दिवसांत द्यायचे असते. आज 47 वा दिवस आहे.