कॉन्टेच्या नावाखाली मेणाच्या कांड्या

"मॅडम, ती कॉन्टे कंपनी विकली गेली ना. आता पेनवाले बनवतात, म्हणून डबा बदलला." नागपुरात बर्डीतल्या एका दुकानदाराचं हे वाक्य मला साडेसोळाशे रुपयांना पडलं.

मी धरमपेठेत घरीच चित्रकलेचे वर्ग घेते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं असतातच, पण यंदा दोघं-तिघं आर्ट कॉलेजच्या प्रवेशाची तयारी करणारी होती. करड्या कागदावर तीन रंगांत चेहरा कसा उभा करायचा ते दाखवायचं, तर कॉन्टेच्या कांड्या, म्हणजे खडूसारख्या कडक, चौकोनी रंगकांड्या हव्यात: काळी, पांढरी आणि गेरूकडे झुकणारी सँग्विन. माझ्या जुन्या डब्यात नखाएवढे तुकडे उरले होते. दुकानातल्या डब्यावर 'कॉन्टे' होतं, 'पॅरिस' होतं, पण अक्षरांचं वळण निराळं. मी विचारलं, तर वरचं उत्तर मिळालं.

आणि ते निम्मं खरं होतं, म्हणूनच मी फसले. फ्रान्स-इंग्लंड युद्ध सुरू होतं आणि फ्रान्सला पेन्सिलींसाठी इंग्लंडचं ग्रॅफाइट मिळेना, तेव्हा निकोला-जाक कॉन्टेने ग्रॅफाइटच्या भुकटीत माती मिसळून ती भाजायची युक्ती काढली. पेटंट १७९५ चं. त्याच्या नावाची कंपनी १९७९ मध्ये बॉलपेनवाल्या बिकने घेतली आणि मुलांच्या रंगपेन्सिलींवर दोन्ही नावं दिसू लागली. इथवर दुकानदार बरोबर. पण चित्रकारांच्या कांड्यांचं 'कॉन्टे आ पारी' हे नाव पुढे कोलार्टकडे गेलं, म्हणजे विन्सर अँड न्यूटन हा रंगांचा ब्रँड ज्यांचा आहे त्यांच्याकडे. ते मला तेव्हा कुठे ठाऊक! शिवाय आपणही गंमतच करतो. कडक, चौकोनी कांडी कुणीही बनवलेली असो, बोलताना तिला कॉन्टेच म्हणतो. त्यामुळे डब्यावर हा शब्द दिसला म्हणजे माल त्यांचाच, असं काही नाही.

घरी येऊन सँग्विनने गालाची सावली घालायला घेतली. कांडी कागद धरेना, नुसती सरकायची. बोटाने घासलं तर रंग पसरण्याऐवजी चकाकायला लागला. त्यावर उजेडासाठी पांढरी ओढली, तर साबणावर खडू ओढावा तशी घसरत गेली. ओला ब्रश फिरवला. पाण्याचे थेंब होऊन बाजूला पळाले. शेवटी एक तुकडा जुन्या चमच्यात ठेवून मेणबत्तीवर धरला. अर्ध्या मिनिटात लाल पाणी. शेजारी माझा नखाएवढा जुना तुकडा जसाच्या तसा. दुकानातच कागदाच्या चिटोऱ्यावर एक रेघ ओढून बोटाने पुसली असती, तर एवढ्यावरच कळलं असतं.

मग डबा उलटून पाहिला. आयात मालाच्या पाकिटावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, बनवणारा देश आणि एमआरपी छापावी लागते, तसा २०११ चा नियमच आहे. माझ्या डब्यावर एमआरपीचा स्टिकर तेवढा होता. तुम्ही घेत असाल तर आधी तिकडे बघा, ब्रँड मागाहून.

बिल? "बिल घेतलं तर जास्त पडेल" म्हणाला, आणि मीही पैसे वाचले म्हणून खूश झाले होते. आता ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करायची, तर माझ्याकडे दाखवायला कागदच नाही.

तरी डबा घेऊन परत गेले. त्याने आवाजही चढवला नाही. डबा हातात घेतला, वळवला आणि 'कॉन्टे'च्या खालच्या रेघेवर नख ठेवलं. "मॅडम, आम्ही कुठे खोटं लिहिलंय?"

पर्समधून चष्मा काढून वाचलं. मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: स्टाइल.