गावातली बाग, नऊ महिन्यांनंतर: झाडांचे गळे मोकळे करा

ऑक्टोबरपासून मी रोज सकाळी गावातल्या जुन्या बागेत फिरायला जाते. गाव म्हणजे मेन रोड-शालिमारचा भाग, नाशिककरांना वेगळं सांगायला नको. खेळणी, कारंजं, ट्रॅक सगळ्यांनी पाहिलंय. लिहायला बसले ते परवाच्या पावसामुळे. फाटकाजवळचा मोठा कडुनिंब रात्रीतून मुळासकट आडवा झाला. त्याच्याच सावलीतल्या बाकावर रामकुंडावरून, गंगेवरून (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो) आलेली माणसं पिशव्या उशाला घेऊन बसची वेळ होईस्तोवर पडलेली असतात. दिवसा पडला असता तर?

जवळ जाऊन पाहिलं. बुंध्याला खेटून पेव्हर ब्लॉक, त्याखाली सिमेंट. उपटून आलेला मुळांचा गड्डा जेमतेम परातीएवढा. एवढ्या थोरल्या झाडाला! पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात, आणि त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. वरून सिमेंट ओतलं की दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता, बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा म्हणून. आमच्या बागेत बोट शिरत नाही. एका गुलमोहराची साल ब्लॉकच्या कडेवर चढली आहे, तंग बांगडी मनगटात रुतावी तशी.

डिसेंबरात लिहिलं असतं तर सगळा राग दुपारच्या कुलपावर काढला असता. खरेदी करून दमून यावं आणि फाटक बंद! आता ते पटलंय. त्या वेळात झाडलोट आणि छाटणी होते, म्हणून संध्याकाळी मुलं आली की हिरवळ स्वच्छ असते. तिकीट नाही, बाक धड आहेत, पहाटे बायकांना एकटीने फिरायला भीती वाटत नाही. याबद्दल मनापासून आभार.

पण ब्लॉकचं काय? कचेरीत तीन अर्ज दिले. उत्तर मिळालं, काढले तर चिखल होतो. शेवटी फेब्रुवारीत माळीमामांनीच विचारून घेतलं आणि एका ताम्हणाभोवतीचे ब्लॉक पहारीने उचकटले. अर्धा तास लागला. मे महिन्यात तो जांभळा फुलला. आपलं राज्यफूल ते. मोकळं केल्यामुळेच फुलला असं मी म्हणणार नाही, ताम्हण या दिवसांत फुलतोच. पण पहिल्या पावसात बाकी झाडांभोवती डबकी साचली होती आणि इथलं पाणी बघता बघता जिरलं. चिखल? पाचोळा पसरला होता, चप्पलसुद्धा भरली नाही.

मी घरपट्टी वेळेवर भरते, म्हणून हिशोब मांडते. ब्लॉक बसवायला पैसे गेले, आता पडलेलं झाड तोडून उचलायला जातील. मोकळं करायला एक पहार पुरते. मामा म्हणतात, "ताई, वरून सांगितलं तर आजच सुरू करतो." मग सांगत का नाहीत?

कडुनिंबाच्या जागी खड्डा उघडाच आहे. मामांनी काळ्या पिशवीतलं निंबाचं रोप तिथे आणून ठेवलंय. भोवतीचे ब्लॉक निघाल्याशिवाय लावू नका, एवढं आज त्यांना सांगून आले. चौथा अर्ज उद्या देते.