स्वतःची कंटेनर रजिस्ट्री: इमेज पुसली, डिस्क भरलेलीच

नोव्हेंबर २०२० मध्ये डॉकर हब या सार्वजनिक रजिस्ट्रीने लॉगिन न करणाऱ्यांना सहा तासांत १०० पुल (इमेज उतरवणं) अशी मर्यादा घालायला सुरुवात केली, तेव्हापासून स्वतःची रजिस्ट्री, म्हणजे ॲपच्या तयार पॅकेजेसचं (इमेजेसचं) कोठार, हवी हे डोक्यात होतं. शेवटी ‘डिस्ट्रिब्युशन’ ही साधी ओपन सोर्सवाली रजिस्ट्री एका कंटेनरमध्ये उभी केली, पुढे टीएलएस (एन्क्रिप्शन) लावलं. लायसन्सचा खर्च शून्य. कित्येक महिने तिच्याकडे बघावंही लागलं नाही.

मग ऐन रिलीजच्या वेळी पुश (इमेज चढवणं) अडकला. डिस्क फुल्ल. अहो, जुने टॅग (इमेजच्या आवृत्त्यांची नावं) तर आम्ही नेमाने पुसत होतो! तर म्हणे डिलीट मुळात बंदच असतं, कॉन्फिगमध्ये चालू करावं लागतं. ते आम्ही केलेलं होतं. पण डिलीट केल्यावर जातो तो फक्त मॅनिफेस्ट, म्हणजे इमेजमध्ये काय काय आहे याची यादी. जागा खाणारे लेअर (इमेजचे थर) जिथल्या तिथे. दारावरची पाटी काढली, बिऱ्हाड आतच. ते हलवायला गार्बेज कलेक्शन (बिनवापराच्या लेअरची सफाई) वेगळं चालवायचं, आणि तेवढा वेळ रजिस्ट्री रीड-ओन्ली किंवा सरळ बंद. नाहीतर त्याच वेळी कोणी पुश करत असेल, तर त्याचे नुकते चढलेले लेअरही साफ होऊ शकतात. म्हणजे जागा मोकळी करायला रात्रीचं जागरण! वर रीस्टार्टही हवा, कारण मेमरीतला कॅशे जुनंच धरून बसतो: पुश करताना सांगतो ‘लेअर आहे’, पुल करायला जावं तर ब्लॉब (लेअरची प्रत्यक्ष फाइल) गायब.

इथवर लिहिलं तेव्हा एकच तारा देणार होतो. पण रोजच्या डिप्लॉयमेंटला नावं ठेवायला जागा नाही. एकच बेस इमेज सगळ्या सर्व्हिसेसनी वापरली तरी तिचे लेअर एकदाच साठतात, आणि थोडा कोड बदलला तर नोडवर (कंटेनर चालवणाऱ्या मशीनवर) वरचे बदललेले लेअर तेवढे उतरतात.

एक जपा. ‘लेटेस्ट’ पुन्हा पुश केला की आधीचा मॅनिफेस्ट बिनटॅगचा होतो. गार्बेज कलेक्शनला ‘डिलीट-अनटॅग्ड’ दिलंत तर तोही जातो, मग डायजेस्टने (इमेजच्या हॅशने) जुन्या आवृत्तीवर रोलबॅक करायला गेलात की इमेजपुलबॅकऑफ, म्हणजे इमेज मिळत नसल्याची कुबरनेटीसची एरर. प्रत्येक बिल्डला गिट कमिटचा (कोडमधल्या त्या बदलाच्या आयडीचा) टॅग लावा.

हार्बर या दुसऱ्या ओपन सोर्स रजिस्ट्रीमध्ये रिटेन्शनचे (कोणत्या इमेज ठेवायच्या याचे) नियम आहेत, २.१ पासून सफाईसाठी पुश थांबवावे लागत नाहीत. पण त्यासोबत पोस्टग्रेस, रेडिस हे डेटाबेस आणि आणखी चार-सहा कंटेनर पोसायचे. आमच्या सर्व्हरला ते झेपणार नाही, मोठा घ्यायची माझी तयारी नाही. त्यामुळे हीच ठेवली आहे, सफाई क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप चालणारी) टाकून. साडेतीन तारे, त्यातला अर्धा फुकट मिळते म्हणून.