स्कूटर ऐकायचंय, पण कुठल्या सालापासून?

जर्मनीतल्या स्कूटर या टेक्नो (यंत्रांवर रचलेलं, नाचायचं संगीत) ग्रुपचं गाणं पहिल्यांदा कानावर पडलं की ऐकणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. काहीजण दहा सेकंदांत बंद करतात. उरलेले विचारतात, "यांचं अजून काय आहे?" हे लिखाण त्या उरलेल्यांसाठी आहे.

"अजून काय" याचं उत्तर मात्र फार मोठं आहे. 1995 ते 2024 या काळात स्कूटरचे वीसच्या वर अल्बम आले. सुरुवात कुठून केली यावर हा ग्रुप तुम्हाला आवडणार की नाही, हे बऱ्याच अंशी ठरतं. मी स्वतः 2014 च्या अल्बमपासून सुरू केलं आणि दोन वर्षं पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. नंतर 1998 चं एक गाणं ऐकलं आणि सगळं मागे जाऊन ऐकावंसं वाटलं. तुमची ती दोन वर्षं वाया जाऊ नयेत, एवढीच इच्छा.

आधी एक गोष्ट समजून घेतली की निवड सोपी जाते. स्कूटरमध्ये कायम टिकून राहिलेला माणूस एकच, एच. पी. बॅक्स्टर. पूर्व फ्रिसियातल्या लेअर गावचा, जन्म 1964 चा, सोनेरी केसांचा. तो सहसा गात नाही, पुकारतो. आपल्याकडे भजनात बुवा एक ओळ टाकतात आणि टाळकरी ती उचलून धरतात, तसं त्याचं आणि समोरच्या गर्दीचं चालतं. चाल बहुतेक वेळा दुसऱ्याची असते आणि ते कोणी लपवत नाही. ठेका आणि वाद्यमेळ मात्र बाजूला उभे असलेले दोघे रचतात. हे दोघे बदलले की स्कूटर बदलतं. म्हणून तुलना करताना अल्बमच्या मुखपृष्ठापेक्षा एच. पी.च्या शेजारी कोण उभं आहे, ते बघायचं.

1994 ते 1997: कच्चा माल

एच. पी. आणि रिक जे. जॉर्डन आधी हॅनोव्हरमध्ये 'सेलिब्रेट द नन' नावाचा सिंथ-पॉप (सिंथेसायझरवरच्या पॉप गाण्यांचा) ग्रुप चालवत होते. (एच. पी. मनापासून गाताना ऐकायचा असेल तर तिकडे जा. ते वेगळंच जग आहे.) 1993 मध्ये हॅम्बुर्गमध्ये स्कूटर उभं राहिलं, फेरिस ब्युलर तिसरा झाला आणि 1994 मध्ये 'हायपर हायपर' आलं.

हे गाणं हेडफोन लावून एकदा नीट ऐका. खालचा ठेका आणि सुरावट अल्ट्रा-सॉनिक या स्कॉटिश जोडीच्या 'अ‍ॅनाय्हिलेटिंग रिदम'वरून घेतलेली आहे. वर एच. पी. काय म्हणतो? प्रेमाचं काही नाही, दुःखाचं काही नाही. तो त्या काळातल्या डीजेंची नावं एकामागून एक घेत जातो, वेस्टबाम, मारुशा आणि असे कितीतरी. कार्यक्रमाच्या शेवटी सूत्रसंचालक आभार मानतो, तेवढंच घेऊन त्याचं अख्खं गाणं केलंय. पहिल्यांदा ऐकताना "एवढंच?" असं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात येतं की हा माणूस आपण कुठल्या घराण्यातून आलो ते मोठ्याने सांगतोय, तेही त्याच घराण्यातले लोक त्याला बाजारू म्हणत असताना. भूमिगत क्लबवाल्या टेक्नोला स्कूटर कधीच फारसं पचलं नाही.

या टप्प्यातला घ्यायचा अल्बम म्हणजे 1996 चा 'अवर हॅपी हार्डकोर'. हॅपी हार्डकोर या प्रकाराचा वेग मिनिटाला 160 ते 180 ठोक्यांचा. धावताना, सामान आवरताना, रात्री जागून काम संपवताना याच्यासारखं दुसरं काही नाही. 'बॅक इन द यू.के.'मध्ये मिस मार्पल या अगाथा ख्रिस्तीच्या गुप्तहेर बाईंच्या जुन्या चित्रपटांची धून आहे. 'रेबेल येल' मूळ बिली आयडॉलचं, 1983 चं. 1996 मध्येच 'विकेड!' हा आणखी एक अल्बमही आला. त्यातल्या 'आय अ‍ॅम रेव्हिंग'मध्ये मार्क कोहनच्या 'वॉकिंग इन मेम्फिस'ची चाल वरच्या पट्टीत चढवून बसवली आहे आणि शेवटी 'ब्रेक इट अप' नावाचं चक्क संथ गाणं आहे.

अडचण एकच. हा टप्पा एका जागी बसून ऐकायचा नाही. शांत खोलीत, चहा घेत ऐकलात तर अर्ध्या तासात डोकं दुखेल. त्यात अल्बमचा दोष नाही, जागा चुकली.

1998: माझं मत इथे

1998 मध्ये फेरिस ब्युलर गेला आणि अ‍ॅक्सेल कून आला. 'नो टाइम टू चिल' हा त्यानंतरचा अल्बम. कोणी विचारलं की एकच घ्यायचा तर कुठला, तर मी हाच सांगतो.

कारण 'हाऊ मच इज द फिश?'. शीर्षकातल्या माशाचा गाण्याशी संबंध शोधत बसू नका, चालीकडे लक्ष द्या. ही चाल फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनीमधली. तिथल्या ब्रेटन भाषेत 1929 मध्ये सायडर या सफरचंदाच्या दारूचं, पिता पिता म्हणायचं एक गाणं झालं, 'सोन आर चिस्त्र'. 1970 मध्ये अ‍ॅलन स्टिव्हेल या ब्रेटन वादकाने ते हार्पवर घेतलं आणि ते ब्रिटनीबाहेर पोचलं. 1976 मध्ये बॉट्स या डच ग्रुपने त्यावर डच शब्द बसवले, पुढे तेच जर्मनमध्येही आलं आणि मोर्चांत, सभांत म्हटलं जाऊ लागलं. म्हणजे स्कूटरपर्यंत पोचेतो ही चाल तीन भाषा फिरून आली होती आणि प्रत्येक मुक्कामी लोकांनी ती एकत्र मिळूनच म्हटली होती.

स्कूटरने तिचं काय केलं? शब्द काढून टाकले. कोरसमध्ये नुसतं "ना ना ना". आधी एच. पी. सवयीप्रमाणे घोषणा देतो, ठेका चढत जातो, मग तो थांबतो आणि चाल सगळ्यांच्या गळ्यातून येते. ब्रेटन येत नाही, डच येत नाही, जर्मन येत नाही, तरी चालतं. म्हणायला काही लागतच नाही. शब्द गळले आणि चाल उरली, असं आपल्याही कितीतरी लोकगीतांचं झालंय. पण इथे ते जाणूनबुजून केलंय आणि फार हुशारीने केलंय.

शक्य असेल तर आधी स्टिव्हेलचं ऐका, मग लगेच हे. दोन्ही मिळून दहा मिनिटंही लागत नाहीत. स्कूटरवर "दुसऱ्यांच्या चाली ढापतात" असा आक्षेप घेणारे पुष्कळ भेटतील. माझं म्हणणं एवढंच की चाल घेणं आणि चाल नव्याने उभी करणं यांत फरक आहे, आणि तो फरक सगळ्यात स्पष्ट इथे ऐकू येतो. ते सगळीकडे असं जमवतात असं मात्र नाही. याच अल्बममध्ये किस या अमेरिकन रॉक ग्रुपचं 'आय वॉज मेड फॉर लव्हिन यू' आहे. ते मला बेतास बात वाटतं, मूळ गाण्यावर ठेका चढवला आणि सोडून दिलं. 'वी आर द ग्रेटेस्ट' आणि 'कॉल मी मान्याना' ही दोन मात्र सोडू नका.

1999 ते 2001 मधले अल्बम पहिल्या फेरीत वगळले तरी चालतील. 'शेफील्ड' (2000) नंतर कधीतरी ऐका. त्यातलं 'शी इज द सन' हे हळुवार गाणं स्कूटरच्या चाहत्यांतही फार कमी जणांना आठवतं, मला अजून आवडतं.

2001 ते 2003: सगळ्यांना चालणारं

घरात चारजण आहेत, प्रत्येकाची आवड वेगळी, तरी सगळ्यांसमोर लावता येईल असं स्कूटर हवंय? मग इथे या. 2001 मध्ये त्यांनी सुपरट्रॅम्प या ब्रिटिश रॉक ग्रुपचं 1979 चं 'द लॉजिकल साँग' घेतलं. कोरसमधला आवाज इतका वर चढवला की तो बाईचा, पुरुषाचा की खारीचा, कळू नये. 2002 मध्ये ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी 'नेसाया' आलं. जर्मनीत स्कूटरचं पहिल्या क्रमांकावर गेलेलं हे एकमेव गाणं. त्याचं मूळ पेटर मफाय या जर्मन गायकाच्या 'टाबालुगा' या मुलांसाठीच्या संगीत-परीकथेत आहे. नेसाया ही म्हातारी कासवीण, आपल्याला कधी मोठं व्हायचंच नव्हतं असं सांगणारी. मला वाटतं, जर्मन श्रोत्याला ते गाणं आतून भिडलं ते ठेक्यामुळे कमी आणि बालपणीची ओळखीची चाल पार्टीत अचानक समोर आल्यामुळे जास्त.

गंमत अशी की ही दोन्ही गाणी त्यानंतरच्या 'द स्टेडियम टेक्नो एक्स्पीरियन्स' (2003) या अल्बममध्ये नाहीत. ती 2002 च्या '24 कॅरेट गोल्ड' या संग्रहात मिळतील. 2003 चा अल्बम घ्यायचा तो 'मारिया' आणि 'वीकेंड!'साठी. या काळात अ‍ॅक्सेल कूनच्या जागी जे फ्रॉग आलेला होता. 'मारिया' मूळचं मार्क अकार्डिपाने आणि डिक रूल्स यांचं, चांगलं कडक हार्डकोर. स्कूटरने ते मोकळ्या मैदानात आणलं आणि त्यातला शब्दांवाचूनचा "डप डप डप" हजारोंच्या गर्दीच्या तोंडी बसला. 'फिश'मध्ये जे हाती लागलं होतं, तेच इथे पाच वर्षांनी पूर्ण तयारीने येतं.

1998 आणि 2003 शेजारी ठेवले तर 2003 जास्त साफ, जास्त मोठं, जास्त लोकांना झेपणारं. पण 1998 मध्ये शोधण्याची धडपड ऐकू येते आणि मला ती हवी असते. तुम्हाला घासूनपुसून लख्ख केलेलं आवडत असेल तर माझं ऐकू नका, 2003 घ्या.

2007: नाचणाऱ्यांसाठी

2006 मध्ये जे फ्रॉग गेला, मायकेल सिमॉन आला. 2007 चा 'जंपिंग ऑल ओव्हर द वर्ल्ड' बेल्जियम-नेदरलँड्समधल्या जंपस्टाइल नाचावर बेतलेला आहे. साधारण 140 ते 150 ठोक्यांचा वेग, एका पायावर उडी, दुसरा पाय पुढे, मागे. 2008 च्या मे महिन्यात या अल्बमने ब्रिटनमध्ये मॅडोनाच्या 'हार्ड कँडी'ला हटवून पहिला क्रमांक घेतला. जर्मनीत 2004 च्या युरोव्हिजन या युरोपीय गीतस्पर्धेच्या निवडफेरीत मॅक्स मुट्झके या गायकाच्या मागे दुसरं राहिलेल्या ग्रुपसाठी ही मोठीच गोष्ट.

नुसतं ऐकायला मात्र हा अल्बम एकसुरी आहे. पाय हलवणार असाल तरच घ्या. मग यासारखा दुसरा नाही.

2014 नंतर

2014 च्या सुरुवातीला रिक जे. जॉर्डन बाहेर पडला. माझ्या दृष्टीने स्कूटरच्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात मोठी फट हीच. पहिल्या दिवसापासून सुरावटींची बाजू सांभाळणारा माणूस गेला. त्याच वर्षीच्या 'द फिफ्थ चॅप्टर'मध्ये विझ खलिफासारखा अमेरिकन रॅपर आला, आवाज त्या वेळच्या मोठ्या ईडीएम (इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक) फेस्टिव्हलांसारखा झाला आणि एच. पी. आपल्याच घरी पाहुणा वाटायला लागला. मी सुरुवात केली ती नेमकी इथून.

पुढे 2021 च्या 'गॉड सेव्ह द रेव्ह'पर्यंत गाडी बरीच रुळावर आली. 2022 मध्ये जे फ्रॉग परतला. तरी नव्या माणसाने हा टप्पा सगळ्यात शेवटी ठेवावा.

तिकीट काढलं असेल तर

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: मित्रमंडळी कार्यक्रमाला चालली आहेत, जाऊ का, आणि आधी काय ऐकू? जा. 2024 मध्ये 'हायपर हायपर'ची 30 वर्षं म्हणून त्यांनी दौरा केला, तेव्हा एच. पी. साठीचा झाला होता आणि तरी ज्वाळांच्या फवाऱ्यांमध्ये उभा राहून पुकारत होता. स्टेजजवळ उभे राहणार असाल तर कानात बोळे घाला. इअरप्लग साधे असले तरी चालतील.

त्यासाठी सगळे अल्बम ऐकायची गरज नाही. तीन गाणी पाठ हवीत: 'हायपर हायपर', 'हाऊ मच इज द फिश?', 'मारिया'. त्यातल्या शेवटच्या दोन्हींचे कोरस बिनशब्दांचे आहेत, तेव्हा भाषेची काळजी नको. आणि निघायच्या आधी, घरात शांतता असताना, तो 1970 चा स्टिव्हेल एकदा लावा. हार्पवर ती सायडरची चाल ऐका. रात्री तीच चाल आजूबाजूचे हजारो लोक "ना ना ना" करत उचलतील, तेव्हा ती तुम्हाला आधीपासून येत असेल.